लिलावातल्या भोपळ्याची भाजी

आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, वर 'कामगार बंधूंनो' आणि खाली 'उद्या सकाळी गेटवर जमा'. आईच्या पर्समध्ये वेगळी पत्रकं असायची. त्यांच्यावर दोन रस्त्यांचं चित्र असे, एक रुंद, एक अरुंद. रुंद रस्त्यावर गर्दी आणि त्याच्या टोकाला आग. मी अक्षरं शिकले ती या दोन गठ्ठ्यांवर. त्यामुळे जग आजच बदललं पाहिजे, जेवणाच्या सुटीआधी बदललं तर उत्तम, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे.

जगाने मात्र घाई केली नाही. कारखाना बंद पडला, त्या जागी लग्नाचं लॉन झालं. वडील आता सोसायटीच्या नोटिशी लिहितात. 'सभासद बंधूंनो, टाकी भरली की मोटार बंद करा.' आणि मी मराठीची पदवी घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टसाठी मजकूर लिहायला लागले. द्राक्षबागेत योग, वाइनचे चार घोट, मौनाची एक सकाळ. 'स्वतःला भेटायला या' हे माझं वाक्य. लोक मुंबईहून स्वतःला भेटायला यायचे आणि न भेटताच परत जायचे. पण नाश्ता चांगला असल्यामुळे तक्रार कोणी केली नाही. माझीही त्या दिवसांत स्वतःशी ओळख उरली नव्हती. वडिलांचं गेट गेलं होतं आणि आईचा अरुंद रस्ता रुंदीकरणात गेल्यासारखा दिसत होता. रविवारी मी आईबरोबर उपासनेला जायचे, कारण स्कूटर मला चालवता येत होती.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, शहरातली जुनी. बहुतेकांचे पणजोबा नगरकडच्या खेड्यांतून आलेले, गावकुसाबाहेरून. कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि त्यांचं पिऊन झाल्यावर त्याच पेल्यातून स्वतः प्याला, म्हणून ते ख्रिस्ती झाले, असं आई सांगते. धर्म स्वीकारायचं याहून चांगलं कारण मला अजून सापडलेलं नाही. पण पणजोबांची तहान वारशाने येत नाही. वारशाने आम्हाला बाक मिळाले. पुढच्या बाकांना गाद्या आहेत. वरच्या पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं रंगवलेली आहेत, आणि नाव वाचता यावं म्हणून काही पंखे भर उन्हाळ्यातही हळू फिरतात. डोंगराकडच्या आदिवासी विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, लोकांवर आमचं फार प्रेम आहे. दर वर्षी आम्ही त्यांना घोंगड्या पाठवतो. ते स्वतः कधी येतील असं मात्र कोणाच्या मनात आलं नव्हतं.

नोव्हेंबरात आमचा हंगामाचा सण असतो. पिकाचा पहिला वाटा देवाला द्यायचा, ही जुनी रीत. शहरात शेत कोणालाच नाही, म्हणून पहिला वाटा आम्ही आदल्या दिवशी विकत आणतो. वेदीपुढच्या टेबलांवर सफरचंदं स्टिकरसकट ठेवलेली असतात. किवी असतात, ते कुठल्या देशाच्या हंगामाचे हे देवालाच ठाऊक. आमचं खरं पीक म्हणजे पगार, पण तो टेबलावर ठेवायची पद्धत नाही. उपासना झाली की आवारातल्या मांडवात या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामी लागतो. बाजारात ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही असा दुधी आमच्याकडे सोन्याच्या भावाने जातो, कारण बोली दुध्यासाठी नसते, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी असते.

पूर्वी लिलावानंतर प्रीतिभोजन व्हायचं. सगळी मंडळी एका पंगतीत. पुढे पंगतीची कुपनं झाली आणि कुपनांची पाकिटं. आता ज्याने आधी सांगितलं असेल त्याने बिर्याणीचं पाकीट घ्यायचं आणि गाडीत बसायचं. प्रीती घरी जाऊन गरम करून घ्यायची.

त्या वर्षी लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे आलं. खजिनदार काका धंद्याने बिल्डर. ते म्हणाले, "तुझा आवाज वडिलांवर गेलाय. त्यांनी तो आयुष्यभर गेटवर वाया घालवला. तू देवाच्या कामी लाव." मी हो म्हटलं. एखादी गोष्ट आतून बघितल्याशिवाय तिच्यावर टीका करू नये, असं वडील नेहमी म्हणायचे. स्वतः सुपरवायझर व्हायला मात्र ते कधी तयार झाले नाहीत.

आता आईने काय केलं ते सांगते. आई दिंडोरी तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. द्राक्षबागांची कामं सुरू झाली की सुरगाण्याकडून जीपा भरभरून मजूर उतरतात आणि बागांच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या घालतात. आई तिथे मुलांना डोस द्यायला जाते. एका झोपडीतल्या बाईने आईच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि तिचा हातच धरला. त्या टोळीत प्रभूला मानणारी ती एकटी. नवरा वारलेला. टोळीचा मुकादम तिचा दीर, आणि बाईची प्रार्थना ही त्याची रोजची करमणूक.

"वहिनी, तुझा देव शहरातला," तो आईसमोरच म्हणाला. "शहरात तुला कोन वळखतं? दारात तरी उभी करतील का?"

"आपलीच मानसं हायेत ती," बाई म्हणाली. "सनाला सगळी एका पंगतीत जेवतात. इचार नर्सबाईंना."

नर्सबाईंनी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी शहरी माणूस बोलतो तसं आई बोलून गेली, "हो ना. या ना तुम्ही सणाला."

डोंगरात असं आमंत्रण एकट्या माणसाला कोणी देत नाही आणि एकटं कोणी जातही नाही. सणाच्या सकाळी आमच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि अख्खी टोळी उतरली. बायका, बाप्ये, कडेवरची पोरं. आईने माझा दंड घट्ट पकडला.

"मी तिला एकटीला बोलावलं होतं गं."

"मग आता त्यांच्या शेजारी बस."

"मला कॉयरमध्ये गायचंय," आई म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

बाई सरळ माझ्याकडे आल्या. धुवट साडी, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, काखेत तांबडा कोंबडा. "तू नर्सबाईंची पोर ना? नाक तसंच हाय. हे कुठं ठेवायचं?"

"टेबलावर ठेवा, मावशी."

"आनि जेवन मागच्या अंगाला असतं का पुढं?"

"बघू," मी म्हटलं.

मुकादम मागेच उभा होता. "बघू म्हनाली, आइकलं का वहिनी? आमी पन बघू. टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलंय."

"तू गप. ढेकर दिल्यावर बोल," मावशी म्हणाल्या. पण माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं त्यात विनवणी होती. एवढ्या माणसांसमोर त्यांनी आमचा शब्द दिला होता, आणि आमचा शब्द कशाचा बनलेला आहे हे मला माहीत होतं.

मी खजिनदार काकांना गाठलं. पाकिटं वाढवता येतील का, विचारलं.

"पाकिटं ऑर्डरप्रमाणे असतात. आणि तुला कळत कसं नाही? यातले निम्म्याहून जास्त आपले नाहीत. यांना जेवायला घातलं आणि कोणी व्हिडिओ काढला, तर आमिष दाखवलं म्हणतील. दिवस कसे आहेत बघतेस ना. बिस्किटं दे, प्रेमाने निरोप दे."

"बिस्किटं म्हणजे आमिष नाही?"

"बिस्किटाने कोणाचं मन बदलल्याचं मी ऐकलेलं नाही."

त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला मान्य आहे. पण भीतीसुद्धा किती सोयीची असू शकते ते मला त्या दिवशी दिसलं. भुकेल्याला वाढणं धोक्याचं झालं होतं आणि कोंबड्यावर बोली लावणं सुरक्षित होतं.

पाळकसाहेबांचा उपदेश नेमका त्याच विषयावर झाला. प्रभूच्या मेजावर वरचा-खालचा नाही, आत-बाहेर नाही, ज्याला भूक आहे तो पाहुणा. उपदेश इतका प्रभावी होता की पुढच्या बाकांवरच्या लोकांनी फोन खिशात ठेवून डोळे मिटले, आणि काहींनी ते शेवटच्या गीतापर्यंत उघडले नाहीत. टोळी सगळ्यात मागे बसली होती. प्रत्येक वाक्याला मावशी दिराला कोपराने ढोसत होत्या. बघ, काय सांगत होते मी?

मग मांडवात मी माईक हातात घेतला. पद्धत अशी, की बोली तुटली की घेणाऱ्याचं नाव पुकारायचं आणि वस्तू व्हरांड्यातल्या बाकावर ठेवायची, म्हणजे जाताना न्यायला बरी. पहिलाच लाल भोपळा निघाला. खजिनदार काका आणि एक निवृत्त बँक मॅनेजर यांच्यात जुंपली. आकडे ऐकून भोपळ्यालाही लाज वाटली असेल. "लाल भोपळा, खजिनदारसाहेब," मी पुकारलं. टाळ्या झाल्या. वांगी एका डॉक्टरीणबाईंना, नारळ मॅनेजरसाहेबांना, कांदे कॉयरच्या मास्तरांना. मावशींचा तांबडा कोंबडाही खजिनदारांनीच घेतला. मी मावशींकडे पाहिलं. कोंबडा गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. उलट त्या मोठ्या कौतुकाने खजिनदारांकडे बघत होत्या आणि बायकांना काहीतरी समजावत होत्या.

त्यांच्या तांदळावर मात्र कोणी बोलीच लावेना. लांब दाणा नाही, वास नाही. शेवटी एका काकूंनी कबुतरांना टाकायला घेतला.

ते नाव पुकारून मी मान वर केली, तर मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. टोळी गेली होती. मला वाटलं, कळलं त्यांना. टेम्पो निघाला असेल आणि त्यात मुकादमाला आता आयुष्यभर पुरेल एवढा विनोद मिळाला असेल. पण माईकचं एक असतं, तो हातात असेपर्यंत माणूस बोलत राहतो. मी किवी पुकारले. केक पुकारले. कोणीतरी म्हणालं, मागे पालापाचोळा जाळताहेत वाटतं, धूर येतोय. थोड्या वेळाने त्या पालापाचोळ्याला लसणाचा वास यायला लागला.

खजिनदारांचा ड्रायव्हर पळत आला. "साहेब, भोपळा गाडीत ठेवायला गेलो होतो. भोपळा कापलाय."

"कोणी?"

"कोंबडा पण कापलाय."

आम्ही सगळे मागच्या आवारात गेलो. तिथे एक जुनी खोली आहे. प्रीतिभोजनाच्या काळातली मोठी पातेली तिच्यात पडून होती. चोरण्यासारखं काही नाही म्हणून तिला कुलूप नव्हतं. पार्किंगसाठी छाटलेल्या कडुनिंबाची लाकडं भिंतीशी होती. टोळीने दगडांच्या चुली मांडल्या होत्या. एका पातेल्यात कबुतरांचा भात रटरटत होता, दुसऱ्यात कोंबडा, आणि मावशी भोपळ्याच्या फोडी तिसऱ्यात ढकलत होत्या. मुकादम विळीवर वांगी चिरत होता.

"हा भोपळा मी घेतला होता," खजिनदार म्हणाले. आवाज चढवायचं त्यांना सुचलंच नाही.

"तर. नाव आइकलं ना आमी," मावशी म्हणाल्या. "भोपळा तुमी, कोंबडा पन तुमीच. दोन-दोन कामं अंगावर घेतली भाऊ, लय मोठं मन. पन खुर्चीत बसून तो शिजायचा कसा? तुमची मानसं काय उठंनात. मंग आमीच घेतलं करायला."

मावशींच्या गावच्या मंडळीत हंगामाच्या सणाला सगळं धान्य-भाजी एका ठिकाणी मांडतात. एक जण उभा राहून पुकारतो, तांदूळ अमक्या घराकडे, डाळ तमक्या घराकडे. ज्याचं नाव येईल त्याने ती वस्तू उचलायची आणि रांधायची. मग सगळे मिळून जेवतात. माझा लिलाव त्यांनी तसाच ऐकला होता.

"आणि आम्ही आकडे बोलत होतो ते?" मी विचारलं.

"किती मानसाला वाढनार ते सांगत व्हते ना. पयले मी घाबरले, येवढी हजारानं मानसं यायची कुठून? मंग म्हटलं, शहर हाय."

कोणी हसलं नाही. खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. समजावून सांगायचं काम माझं होतं, पुकारणारी मी होते. आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. देवाचा वाटा विकणारी मंडळी, भुकेपुढे बिस्किटं धरणारे भक्त, सगळं पत्रक तोंडपाठ तयार होतं, उद्गारचिन्हांसकट. मुकादमाने विळी थांबवली होती. त्याने द्राक्षांचे बाजार पाहिलेले होते. लिलाव म्हणजे काय हे त्याला शिकवायची गरज नव्हती, आणि खजिनदारांच्या चेहऱ्यावरून उरलेलं त्याला समजलं होतं.

"सांग ना ताई," तो हळूच म्हणाला. "कसलं पुकारत व्हती तू?"

मावशीही माझ्याकडे बघायला लागल्या. पळी हातातच राहिली.

माईक अजून माझ्या हातात होता. मी तो तोंडाशी धरला आणि मांडवाकडे वळून सांगितलं, "प्रीतिभोजन तयार होत आलं आहे. सर्वांनी मागच्या आवारात जमा व्हावं. पाळकसाहेब प्रार्थना करतील."

पाळकसाहेब माझ्याकडे, मग खजिनदारांकडे, मग पातेल्याकडे बघत राहिले. नेहमी त्यांची प्रार्थना देशाच्या नेत्यांपासून सुरू होऊन हवामानापर्यंत जाते. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि ते एवढंच म्हणाले, "प्रभू, आम्ही बोलावलं नव्हतं तरी तू आलास. आमच्याबरोबर जेव." आमेन झालं. एकदा आमेन झाल्यावर ते जेवण कोणाच्या चुकीचं उरलं नाही, ते मंडळीचं झालं. आमच्यात कोणी कमिटीला जुमानणार नाही, पण आमेनवर अपील नाही.

मावशींनी खजिनदारांच्या हातात मिठाची पुडी दिली. "मीठ तुमी टाका. भाजी तुमच्या नावाची हाय."

पुष्कळ लोक गेले. गाड्या निघाल्याचे आवाज येत होते आणि पाकिटं जपून नेली जात होती. पण पुष्कळ थांबलेही. आई कॉयरच्या पांढऱ्या झग्यातच वाढायला लागली. कबुतरांवाल्या काकूंनी भात वाढला, आणि किती छान चिकट होतो हा, असं तीन-चारदा म्हणाल्या. कोणी पाकीट उघडून बिर्याणी ताटांमध्ये वाटली. व्हिडिओसुद्धा निघाला. तो कॉयरच्या पोरांनी काढला, खजिनदार भाजी ढवळत असताना.

पंगतीत मुकादम खजिनदारांच्या शेजारी आला. त्याने भाजीचा घास घेतला, बराच वेळ चावला. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"मी टाकलंय मीठ," खजिनदार म्हणाले.

"म्हनूनच."

सगळी पंगत हसली. खजिनदार हसले नाहीत. ते उठले, चुलीपाशी गेले आणि मीठ घेऊन आले. त्यांनी आधी मुकादमाच्या ताटात चिमूट ठेवली, मग स्वतःच्या.

टेम्पोत चढताना मावशी मला म्हणाल्या, "पुढच्या साली नावं जरा भरभर पुकार पोरी. शिजायला येळ लागतो." मी हो म्हटलं. त्यांना खरं मी अजून सांगितलेलं नाही. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला हे शोभत नाही, सत्य उघड करणं हाच तिचा धर्म. पण त्या दिवशी सत्य फार हलकं होतं. सत्य एवढंच होतं की आम्ही कंजूष आणि भित्रे आहोत. मावशी त्याहून मोठं काहीतरी आमच्याबद्दल धरून आल्या होत्या, आणि ते खरं मानून त्यांनी चूल पेटवली. 'कृपा' हा शब्द मी जन्मापासून गीतांमध्ये गात आले आहे. न कमावलेला चांगुलपणा कोणीतरी आपल्या नावावर लिहितं आणि मग आपल्याला त्या नावाला जागावं लागतं, हा त्याचा अर्थ मला धुरात उभी असताना कळला. मी ज्याला आशा म्हणायचे ती नेहमी उद्या सकाळी गेटवर जमायची. ही तशी नव्हती. ती आधीच येऊन कांदा चिरत बसली होती.

यातून काही क्रांती झाली नाही. टोळी त्याच ताडपत्रीखाली परतली, मजुरी तीच राहिली. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "एका जेवणाने वर्ग संपत नाहीत." थोड्या वेळाने नोटीस लिहिता लिहिता म्हणाले, "एकत्र जेवल्याशिवाय युनियनसुद्धा होत नाही, ते वेगळं." मी रिसॉर्टची नोकरी सोडली, कारण नव्या मजकुरात 'आदिवासी जीवनाचा अस्सल अनुभव' लिहायला सांगितलं, आणि ताडपत्री पॅकेजमध्ये आहे का असं मी विचारल्यावर साहेबांना ते आवडलं नाही. कमिटीने ठराव केला, की यापुढे लिलाव अनुभवी व्यक्तीने पुकारावा आणि मागच्या खोलीला कुलूप लावावं. कुलूप लागलं आहे.

आता पुन्हा बागांची कामं सुरू झाली आहेत. मागच्या आठवड्यात आई डोस द्यायला गेली, तेव्हा मावशींच्या आधी मुकादमच झोपडीतून बाहेर आला आणि त्याने विचारलं, सण कितव्या रविवारी हाय, टेम्पो आत्ताच सांगून ठेवावा लागतो. आईने रविवार सांगितला. घरी येऊन तिने मला सांगितलं आणि मी खजिनदार काकांकडे गेले, कारण कुलपाची चावी त्यांच्याकडे असते. मी टोळी येणार असल्याचं सांगितलं. ते बराच वेळ कमिटी, ठराव, दिवस कसे आहेत, असं बोलत राहिले. हो किंवा नाही त्यांनी अजून म्हटलेलं नाही. मी निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले आणि विचारलं, या वेळी माणसं किती येतील.